'पालक उदासीन' म्हणे!

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार, आधीच सांगते.

दुपारी मीटिंग होती, ऊसतोड मजुरांच्या शाळा सुटलेल्या मुलांचे फॉर्म तपासायचे होते. कारणाच्या रकान्यात सतरा फॉर्मवर एकाच हस्ताक्षरात तेच दोन शब्द, 'पालक उदासीन'. वर एक साहेब समोसा खाता खाता म्हणाले, अहो मॅडम, या लोकांना पोरांचं काही पडलेलंच नसतं, उचल (हंगामाआधी मिळणारे आगाऊ पैसे) हातात आली की सुटले. सगळे हसले. मी गप्प बसले, आणि खरा राग त्याचाच येतोय.

मला बीडमधल्या धारूरकडच्या एका गावातली पोरगी आठवली. मागच्या हंगामात आठवीत होती. दिवाळी उरकली की आईबाप टोळीबरोबर कोल्हापूरकडे ऊसतोडीला, ही मागे, म्हातारी आजी आणि दोन धाकटे भाऊ सांभाळत. घरात रेंज नाही, फक्त न्हाणीच्या भिंतीच्या एका कोपऱ्यावर येते, म्हणून तिथे तांब्यात मोबाईल उभा करून ठेवलेला. रात्री साडेआठला आईचा फोन, तो पण ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्ज करून. मी एकदा तिथे बसलेले असताना धाकटा नुसता खोकला, तर आई तिकडून म्हणते, "हा छातीतला खोकला हाय, ओवा भाज, फडक्यात बांध अन् शेक त्याला." साडेतीनशे किलोमीटरवरून! पहाटे चारला उसाच्या फडात जाऊन दिवसभर मोळ्या वाहिलेली बाई.

ही उदासीन?

मग घरी का राहत नाही, असं विचारणाऱ्यांनी जरा समजून घ्या. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादम, म्हणजे मजूर नेणारा ठेकेदार, उचल देतो ती जोडीवर. एकटा गेला तर अर्धा कोयता. एक दिवस पाळीत पोट दुखलं म्हणून कोपीत (झोपडीत) पडून राहिलं की खाडा, त्याचे पैसे कापणार. त्यातूनच गर्भपिशव्या काढायचं प्रकरण झालं ना बीडमध्ये, 2019 ला सरकारी समितीनं 82 हजारांवर बायकांची पाहणी केली तर 13 हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. या पोरीच्या आईचीही काढलीय, तिशीच्या आत. दवाखान्याचा खर्च उचलीत चढला, उचल फिटली नाही म्हणून पुढचा हंगाम, आणि आई वाकू शकत नव्हती तेव्हा सहावीतली पोरगी भाकरी थापायला बसली. म्हणजे बघा कर्ज कुणाचं आणि फेडतंय कोण.

हो, उचलीचे पैसे दारूत घालवणारे बाप आहेत. जोडी लावायची म्हणून चौदाव्या वर्षी पोरीचं लग्न लावून देणारेही आहेत, मी स्वतः 1098 ला, चाइल्डलाइनला, फोन केलेत, ग्रामसेवकाला मांडवात नेलंय, शिव्या खाल्ल्यात. पण त्या मांडवात सुद्धा पोरीची आई मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली होती, "ताई, तरणी पोर सहा महिने कुणाच्या भरवशावर ठेवू, तुम्ही सांगा." मी तेव्हा कायदा सांगितला. उत्तर नव्हतंच माझ्याकडे.

आणि साहेबांना नावं ठेवतेय तर हेही लिहिते. नोकरीच्या पहिल्या वर्षी, एमएसडब्ल्यूची (समाजकार्याची) डिग्री ताजी असताना, पालकसभेला कुणी आलं नाही म्हणून मीच एका घराच्या नावापुढे 'पालक निष्काळजी' लिहिलं होतं. सभा जानेवारीत होती. आईबाप तेव्हा फडात असणार, हे बीडमध्ये राहून मला कळू नये?

आज ते सतरा फॉर्म मी घरी आणलेत. रकान्यात 'हंगामी स्थलांतर, उचल' लिहिणार आहे, उद्या बोंब होईल, होऊ दे.

बाकी, ती पोरगी आता नववीत आहे, शाळा सोडलेली नाही. यंदाही आईबाप गेलेत. आठवीपर्यंत पुस्तकं फुकट असतात, नववीची नाहीत. कुणाच्या घरी मराठी माध्यमाची जुनी असतील तर इनबॉक्स करा, विज्ञान आणि गणित आधी. शनिवारी मी तिकडे जातेय.