‘शाळेवर विश्वास नव्हता का?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मुलीच्या नवोदयच्या (केंद्र सरकारची निवासी शाळा, सहावीत प्रवेशासाठी परीक्षा) तयारीबद्दल मी लिहिलेल्या लेखावर तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : तिचं पाचवीचं वर्ष उत्तरपत्रिकेतले गोळे रंगवण्यात गेलं, बालपण हिरावून घेतलं, एवढं करून निवड झालीच नाही, घरी अभ्यास घेणारं कुणी नाही त्या मुलांनी काय करायचं, आणि ‘झेडपीच्या शाळेवर एवढा अविश्वास होता तर मुलीला तिथं घातलं कशाला, फोटोपुरतं?’

तुमचं एक बरोबर आहे. नवोदयच्या पेपरात भाषेच्या विभागात २५ प्रश्न असतात असं मी लिहिलं होतं. प्रश्न २० असतात, गुण २५. चूक माझी, लेखात दुरुस्त केली आहे.

आता ‘फोटोपुरतं’. हा शब्द मला लागला. मुद्दा साध्या शब्दांत मांडता आला असता, टोमणा कशासाठी? आमची शाळा तुम्ही पाहिली आहे का? दोन खोल्या, दोन शिक्षक, पाच वर्ग. चौथी-पाचवी एकत्र बसते. गुरुजी फळ्याच्या मधोमध रेघ मारतात, डावीकडे चौथीचा भागाकार, उजवीकडे पाचवीचे अपूर्णांक. मध्येच पोषण आहाराच्या नोंदी, मध्येच ‘ही माहिती आजच ऑनलाइन भरा’ म्हणून फोन. याच गुरुजींनी गणपती झाल्यापासून परीक्षेपर्यंत शाळा सुटल्यावर रोज तासभर सहा मुलं बसवली. एक रुपया घेतला नाही. अविश्वास असता तर मीही तिला तालुक्याच्या क्लासला धाडलं असतं. गावातून जीप भरून मुलं जातात.

विश्वास असला म्हणून घरी काही करायचंच नाही, हे कुठलं तर्कशास्त्र? नवोदयच्या पेपरात ८० प्रश्न, वेळ दोन तास. त्यातले ४० प्रश्न नुसत्या आकृत्यांचे : आरशातली प्रतिमा, लपलेली आकृती, घडी घातलेल्या कागदाची भोकं. रोजच्या धड्यांत हे येत नाही. त्यात शाळेचा काय दोष? मी रात्री वर्तमानपत्राचा चौकोन कापायचे, दोन घड्या घालून दाभणानं भोक पाडायचे. उघडायच्या आधी तिनं वहीत ठिपके काढायचे. पहिल्या दिवशी तिनं एकच ठिपका काढला. कागद उघडला तर चार भोकं! दिव्यासमोर धरून बघत बसली आणि म्हणाली, ‘आई, परत पाड.’ बालपण हिरावून घेतलं म्हणता ते हेच.

माझं सांगते. मीही वस्तीवरच्या शाळेत शिकले, वर्गात पहिली यायचे. नवोदय हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी सहावीत होते. ही परीक्षा पाचवीत असतानाच देता येते, तीही एकदाच. फॉर्म कुणी भरलाच नाही, कारण असा फॉर्म असतो हेच घरी कुणाला ठाऊक नव्हतं. देशातल्या पहिल्या दोन नवोदय विद्यालयांपैकी एक आपल्या अमरावतीला निघालं. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांच्या. शाळा आमच्यासाठी काढलेली आणि पत्ता आम्हालाच नाही! लेकीचा फॉर्म मी स्वतः बसून भरला तेव्हा माझा हात थरथरत होता. ते तुम्हाला कसं कळणार?

हो, निवड झाली नाही. एका विद्यालयात सहावीला ८० जागा आणि फॉर्म भरणारा अख्खा जिल्हा. ती दोन दिवस जेवली नाही, मीही नीट जेवले नाही. आता गावच्या हायस्कुलात सहावीत आहे. परवा शेजारच्या चौथीतल्या पोराला ओट्यावर बसवून कागदाला भोकं पाडून दाखवत होती. वर्ष वाया गेलं की नाही ते ती ठरवेल, तुम्ही नाही.

घरी कुणी नाही त्या मुलांचं काय, हे सरकारला विचारा. मी एक आई आहे, माझ्या मुलीजवळ बसले. बाकीच्या मुद्द्यांवर मला बोलायचं नाही.

तुमची मुलं कुठल्या शाळेत आहेत ते तुम्ही लिहिलं नाहीत. झेडपीच्या शाळेत, पाचवीत असतील तर कळवा. गुरुजींनी हातानं काढलेल्या आकृत्यांचे कागद जपून ठेवले आहेत, झेरॉक्स काढून पाठवते.