'गेमिंग लॅपटॉप घ्या, स्क्रीन सगळ्या सारख्याच' : त्या फॉरवर्डला उत्तर

लग्नाचा सीझन संपत आला की फोटोग्राफरांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदाही आलाय. "एडिटिंगला डोळे झाकून गेमिंग लॅपटॉप घ्या. आय ७ प्रोसेसर आणि मोठं ग्राफिक्स कार्ड असलं की लाइटरूम (फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर) पळतं. स्क्रीन सगळ्या फुल एचडी, म्हणजे सारख्याच. रॅम ८ जीबी घ्या, नंतर वाढवता येते. बॉडी मिलिटरी ग्रेड असेल तर दहा वर्षं बघायला नको." नवीन पोरं हा मेसेज दाखवून हप्त्यावर लॅपटॉप उचलतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी स्क्रीन, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथंच बुडतात. फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८० ठिपके, एवढंच. रंग किती दिसतात याचा त्याच्याशी काही संबंध नाही. स्वस्तातल्या गेमिंग लॅपटॉपला बऱ्याचदा '४५ टक्के एनटीएससी'चं पॅनल असतं. एनटीएससी हे स्क्रीन किती रंग दाखवते ते मोजायचं जुनं माप, आणि एसआरजीबी हा फोटोंसाठी नेहमी वापरला जाणारा रंगांचा ठरलेला संच. म्हणजे या पॅनलवर एसआरजीबीतले जेमतेम ६०-६५ टक्के रंग. माझा पहिला लॅपटॉप असाच होता. एका नवरीचा शालू गर्द डाळिंबी होता आणि माझ्या स्क्रीनवर तो विटकरी दिसत होता. मी लाल वाढवला, सॅच्युरेशन वाढवलं, तीच सेटिंग सगळ्या फोटोंना लावली. अल्बम छापून आला तेव्हा शालूचं जरीकाम कुठं दिसेना, नुसता लाल गोळा, आणि हळद लागलेले गाल भाजल्यासारखे. लॅबची काही चूक नव्हती. अख्खा अल्बम पदरच्या पैशानं पुन्हा छापून दिला.

तेव्हा '१०० टक्के एसआरजीबी' असं लिहिलेलं असेल तरच पुढं बोला. आकडा एनटीएससीत दिला असेल तर ७२ टक्के म्हणजे साधारण तेच. एकाच नावाचा लॅपटॉप दोन वेगळ्या पॅनलमध्ये येतो, म्हणून मॉडेलचा पूर्ण नंबर जुळवून बघा. दुकानात जाताना आपला एक चांगला छापलेला फोटो आणि त्याचीच फाइल पेनड्राइव्हवर न्या. प्रिंट स्क्रीनशेजारी धरली की फरक दुकानदारालाही दिसतो.

आता आय ७. हे नाव आहे, ताकद नव्हे. २०१६ चा आय ७-७५००यू दोन कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) होता आणि पुढच्याच वर्षी आलेला आय ५-८२५०यू चार कोअरचा. नंतरही तेच: आय ५-१२५००एच ला १२ कोअर, आय ७-१२५५यू ला १०, आणि त्यातले दमदार फक्त दोन. नंबरच्या शेवटचं अक्षर वाचा. यू बॅटरी वाचवतो, एच वीज जास्त खातो पण आठशे फोटोंच्या एक्सपोर्टला टिकून पळतो.

ग्राफिक्स कार्डाचा मुद्दा निम्मा खरा आहे, तो नाकारत नाही. २०२३ मध्ये लाइटरूममध्ये आलेलं एआय डिनॉइज, म्हणजे फोटोतले दाणे साफ करणारं टूल, मुख्यतः कार्डाच्या जोरावर चालतं. अंधाऱ्या हॉलमधला ६४०० आयएसओचा फोटो चांगल्या कार्डावर काही सेकंदांत साफ होतो, कार्ड नसेल तर मिनिटं जातात. पण सिलेक्शन करताना रॉ फाइल (कॅमेऱ्यातली मूळ फाइल) झटपट उघडणं प्रोसेसर, रॅम आणि एसएसडीवर (फाइल साठवायच्या वेगवान डिस्कवर) ठरतं. मधलं कार्ड घ्या आणि उरलेले पैसे स्क्रीनला लावा.

रॅम नंतर वाढवता येते? बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डावरच सोल्डर केलेली असते, मॅकबुकमध्ये तर वाढवायची सोयच नाही. लाइटरूमवाले स्वतः ८ जीबीला किमान आणि १६ किंवा जास्तला योग्य म्हणतात. फोटोशॉपमध्ये लेअर लावून अल्बमची पानं बनवत असाल तर ३२. घेण्याआधी 'स्लॉट किती, रिकामे किती' हे विचाराच.

राहिलं मिलिटरी ग्रेड. मिल-एसटीडी-८१० हा अमेरिकी लष्कराचा चाचण्यांचा दस्तऐवज आहे. त्यातल्या कुठल्या चाचण्या करायच्या ते कंपनी ठरवते आणि त्याचं सर्टिफिकेट लष्कर देत नाही. लॅपटॉप फक्त पडूनच फुटतो असं नाही, उष्णतेनं, धुळीनं आणि ढिल्या बिजागरीनंही जातो. म्हणून दुकानात स्क्रीन एका हातानं उघडून बघा, खालची जाळी मोठी आहे का बघा, बॅटरी बदलून मिळते का विचारा, आणि जमलं तर तीन वर्षांची वॉरंटी घ्या. गेल्या महिन्यात माझ्या लॅपटॉपचं मागचं झाकण उघडलं तर पंख्याच्या जाळीवर मांडवातल्या धुळीचा नमद्यासारखा थर बसला होता. ब्लोअर मारला, प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलून घेतली. पन्नास मिनिटांचा एक्सपोर्ट पस्तीस मिनिटांवर आला.