शेवटचा अंक पाहून पूर्ण वर्ग ठरत नाही

नवोदय, स्कॉलरशिप आणि भरतीची तयारी करणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पूर्ण वर्ग (म्हणजे 7 × 7 = 49 सारखी, एखाद्या पूर्ण संख्येला त्याच संख्येने गुणून येणारी संख्या) झटपट ओळखण्याचा एक मेसेज फिरतो आहे. त्यातले दावे असे: एकक स्थानी 0, 1, 4, 5, 6, 9 असेल तर संख्या पूर्ण वर्ग, अंकांची बेरीज 1, 4, 7 किंवा 9 आली तर खात्रीच, शेवटी 25 किंवा दोन शून्ये दिसली तर तपासायचीही गरज नाही. हे नियम संख्या बाद करण्याचे आहेत, मेसेजमध्ये ते उलटे वाचलेले आहेत, आणि हक्काचा गुण त्यातच जातो.

एकक अंकाचे आधी पाहू. वर्ग करताना एकक स्थानी फक्त एककाच्या अंकाच्या वर्गाचाच एकक उतरतो, म्हणून शेवटी 2, 3, 7, 8 कधीच येत नाहीत. 1948 पाहताक्षणी बाद, हे बरोबर. पण 1 ते 100 मध्ये 'चालणारा' एकक अंक असलेल्या संख्या 60 आहेत आणि पूर्ण वर्ग फक्त 10. नांदेडहून जाणारे तीन राष्ट्रीय महामार्ग घ्या: 61, 161, 361. तिघांच्या शेवटी 61 च आहे. त्यांतला 361 तेवढा 19 चा वर्ग.

अंकांची बेरीज (एक अंक उरेपर्यंत करायची) ही दुसरी चाळणी. 161 ची बेरीज 8, ती इथे अडकते. 61 ची 7 येते, म्हणजे मेसेजच्या हिशोबाने 'खात्रीच'. पण 7 चा वर्ग 49, 8 चा 64. मध्ये 61 ला जागाच नाही. सलग कोणत्याही 9 संख्यांत 4 संख्या ही चाळणी पार करतात, मग तिच्यावर भिस्त कशी ठेवणार?

शेवटी 25 असेल तर त्या 25 च्या आधीची (डावीकडची) संख्या दोन क्रमागत संख्यांचा गुणाकार हवी: 2, 6, 12, 20, 30... 1225 मध्ये 12 = 3 × 4, म्हणून ती 35 चा वर्ग. 325 मधला 3 तसा नाही.

शून्ये जोडीने हवीत, आणि ती काढून उरलेली संख्याही पूर्ण वर्ग हवी. 4900 चालते, 2400 नाही. एका गुंठ्याचे 1089 चौरस फूट म्हणजे 33 चा वर्ग. एकराच्या 43,560 ला एकच शून्य, ती बाद.

मेसेजमध्ये नसलेला एक उपयोगी नियम: पूर्ण वर्गात एकक 6 असेल तर दशक विषम, बाकी सगळ्या वेळी दशक सम. 46, 86, 39, 91 इथेच गळतात. हीसुद्धा बाद करण्याचीच चाळणी, हे विसरू नका.

निकाल लावायचा तर संख्या दोन वर्गांत पकडा. 5041 ही 70 आणि 80 यांच्या वर्गांमध्ये, म्हणजे 4900 आणि 6400 मध्ये आहे. एकक 1, म्हणून वर्गमूळ 71 किंवा 79. 75 चा वर्ग 5625 जास्त होतो, उरले 71. गुणून पाहा, 5041 च येते. 5461 ही वरच्या सगळ्या चाळण्यांतून सुटते, पण 71 चा वर्ग 5041 आणि 79 चा 6241. दोन्ही नाहीत, म्हणून पूर्ण वर्ग नाही.

"कितीने गुणल्यास पूर्ण वर्ग होईल" असे विचारले की मूळ अवयवच पाडावे लागतात. 3024 = 2 × 2 × 2 × 2 × 3 × 3 × 3 × 7. एक 3 आणि 7 जोडीविना उरतात, म्हणून 21 ने गुणा: 63,504, म्हणजे 252 चा वर्ग. 21 ने भागले तर 144. आणि 3024 चा एकक 4, दशक सम, बेरीज 9, वर 55 चा वर्ग 3025: फक्त एकाने हुकलेली ही संख्या मेसेजवर विसंबणारा हमखास बरोबर धरतो.