काकूचा अंगठा

आमच्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर मागं चांगलीच जुंपली होती. एकानं इंग्लंडची बातमी टाकली. तिकडच्या पंतप्रधानांनी, म्हणजे स्टार्मर यांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये डिजिटल ओळखपत्राची घोषणा केली आणि विरोधातल्या याचिकेवर वीस लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. पुण्यातला आमचा आयटीवाला लगेच म्हणे, "गोऱ्यांना एवढं काय झोंबतं बे? आपण तर कधीच दिले डोळे न बोटं." खाली हसऱ्या तोंडांची रांग लागली.

मला काही हसू आलं नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात स्टँडजवळ माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन कामाचं दुकान आहे. लोकांची ओळख पटवून देणं हाच धंदा म्हणा ना. फार्मर आयडी, लाडक्या बहिणीची केवायसी, पोरांचं शाळेचं अपार, दवाखान्याचं आभा. माणूस एक आणि नंबर पाच. सगळ्यांच्या मुळाशी मात्र आधार.

गंमत बघा. इंग्लंडनं २००६ मध्ये ओळखपत्राचा कायदा केला आणि २०१० मध्ये स्वतःच मोडीत काढला. त्याच २०१० च्या २९ सप्टेंबरला आपल्या नंदुरबारच्या टेंभलीत देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. त्यांनी जे फेकलं ते आपण उचललं, असं मी म्हणणार नाही. आपली गरज वेगळी होती. निराधारचे पैसे हातात पडेपर्यंत त्याला किती जणांचे हात लागायचे ते मी लहानपणी पाहिलं आहे. आज पीएम किसानचे वर्षाचे सहा हजार तीन हप्त्यांत थेट खात्यात येतात. कामाला परराज्यात गेलेला आमचा मजूर तिथल्या दुकानातून राशन उचलू शकतो. म्हणून आधार जाळा म्हणणाऱ्यांतला मी नाही.

पण शेवंताकाकूचं सांगतो.

काकू एकटी. नवरा गेला, पोरगी दिली. अंत्योदयचं कार्ड, महिन्याचे ३५ किलो. नोव्हेंबरात वेचणी जोरात होती. एका संध्याकाळी ती ओटीत कापूस तसाच घेऊन दुकानात आली आणि अंगठा माझ्यापुढं धरला. बोंडाच्या वाळल्या टोकांनी बोटांच्या पेरांना बारीक बारीक चिरा पडलेल्या. अंगठ्याचा मधला भाग घासून घासून गुळगुळीत, लाटण्यासारखा. कंट्रोलमध्ये, म्हणजे राशनच्या दुकानात, तीन दिवस मशीन तिला नाही म्हणत होतं. ओटीपीचा नंबर जावयाच्या जुन्या सिमचा, ते सिम केव्हाच बंद. मी पुसून पाहिलं, ओल्या फडक्यानं, मग कोरड्या. तिनं अंगठा स्वतःच्या तेल लावलेल्या केसांवर घासला. हा उपाय आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या मशीनवरही लागेना.

"मायाच अंगठा मले ओयखत नाही काय रे भाऊ?" काकू म्हणाली. स्वतःच हसली.

आता नियम काय सांगतो ते बघा. आधार प्राधिकरणानं २४ ऑक्टोबर २०१७ लाच परिपत्रक काढलं आहे. अंगठा लागला नाही म्हणून कोणाचं धान्य अडवू नका, दुसऱ्या कागदावर ओळख पटवा, नोंद ठेवा. २६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक अशा मतानं आधार कायदा बहुतांशी कायम ठेवला, तेव्हाही मशीन चुकल्यामुळं कोणी वंचित राहू नये हा मुद्दा निकालात आला. मी दुसऱ्या दिवशी काकूसोबत कंट्रोलवर गेलो आणि त्या नोंदीचं रजिस्टर मागितलं.

"कोणतं रजिस्टर?" कंट्रोलवाला म्हणाला. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगतो. "भाऊ, माहा हिशोब मशीनमंदी आहे. मशीनच्या बाहेर दाणा देला त तो माह्या खिशातून जाते."

माझं भांडण इथं आहे. ग्रुपवरचे दोन्ही गट कार्डावर भांडतात. एक म्हणतो कार्डानं चोर पकडले जातील, दुसरा म्हणतो सरकार पाळत ठेवील. पाळतीचं गावात कोणाला काय, असं मीही म्हणायचो. मग एक दिवस भज्याच्या गाडीवर पुडी सोडली तर कागदावर आमच्याच वार्डातल्या माणसाचं आधार, फोटोसकट, तेलानं पारदर्शक झालेलं. झेरॉक्स माझ्याच दुकानातली असणार, कारण फोटोवर पडणारी ती काळी रेघ माझ्याच मशीनची. तेव्हापासून बिघडलेल्या झेरॉक्सा मी रद्दीत देत नाही, चुलीत घालतो. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला, तो माझ्यापर्यंत असा पोचला.

पण पाळतीपेक्षा मला मशीनच्या 'नाही'ची भीती जास्त वाटते. पूर्वी तलाठी नाही म्हणायचा तेव्हा त्याच्याशी भांडता यायचं, वरती अर्ज करता यायचा. 'नाही' म्हणणारा माणूस समोर असायचा. आता कंट्रोलवाला मशीनकडं बोट दाखवतो, मशीन सर्वरकडं, आणि सर्वर कुठं आहे हे काकूला काय माहीत? अंगठा लागला नाही तर निदान छापील चिठ्ठी तरी तिच्या हातात पडावी : अमुक तारखेला आली होती, अमुक कारणानं धान्य दिलं नाही, जबाबदार अमुक. आणि पोलीस पाटील, सरपंच, आशाताई यांपैकी दोघांनी ओळखलं तर त्याच दिवशी दाणा मिळावा, तो कंट्रोलवाल्याच्या खिशातून न जाता. चाळीस वर्षं ज्या गावात काकू नांदली त्या गावाच्या साक्षीला मशीनच्या अर्धी तरी किंमत द्या.

हे आत्ताच लिहितोय कारण आता नागरिकत्वाच्या कार्डाची भाषा सुरू आहे. तशी ती नवी नाही. २००३ च्या दुरुस्तीनं नागरिकत्व कायद्यात कलम १४अ आलं, त्यात प्रत्येक नागरिकाला राष्ट्रीय ओळखपत्र देण्याची तरतूद आहे. आधार हा तर नागरिकत्वाचा पुरावाच नाही, तो रहिवाशाला मिळतो, हे त्याच्या कायद्यातच आहे. म्हणजे नवं कार्ड आलं तर पुन्हा रांग, पुन्हा कागद. आणि कागदाचं आमच्याकडं काय होतं ते जात पडताळणीसाठी कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल शोधत तहसीलच्या खेटा मारणाऱ्याला विचारा. पानं कसर लागलेली, नावापुढं नुसतं 'मुलगी झाली', आजोबाचं नाव एका जागी गोविंदा, दुसऱ्या जागी गोंदा. पोडावरच्या, म्हणजे आदिवासी वस्तीवरच्या, कोलाम म्हाताऱ्यांचा तर जन्म कोणी लिहिलाच नाही. माझ्या कॉम्प्युटरवर अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जानेवारीला येतो, कारण नुसतं वय सांगितलं की तीच तारीख पडते.

असो, काकूचं राहिलंच. मी साध्या कागदावर अर्ज लिहिला, पोलीस पाटलाची सही घेतली, तहसीलला देऊन पोच आणली. काकूनं ती आधारच्याच प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवली. डिसेंबरात चार दिवस वेचणीला खाडा केला, रोज रात्री हाताला खोबरेल चोळलं आणि पाचव्या दिवशी तिसऱ्या खेपेला अंगठा लागला. ३५ किलो मिळाले.

"न मांगल्या महिन्याचे?" तिनं विचारलं.

कंट्रोलवाला म्हणाला, "ते लॅप्स झाले, काकू."