पगार नको, शाल द्या

ठाण्यात घोडबंदर रोडला राहत असाल तर कधी ना कधी तुम्हाला सुपरहिरो लागणारच. गायमुख घाटात ट्रेलर बंद पडतो, गाड्यांची रांग मागे सरकत सरकत कासारवडवलीला भिडते, अशा वेळी तो ट्रेलर अलगद उचलून कडेला ठेवणारा कुणीतरी हवाच. तो यावा की न यावा, याबद्दल सोसायटीत दुमत नाही. भीती वेगळीच आहे: काम उरकल्यावर तो हात पुढे करून उभा राहिला तर? घाबरू नका. आपल्याकडे यावर पिढीजात तोडगा आहे. त्या हातात नारळ ठेवा.

खरा सुपरहिरो मिळेपर्यंत सर्पमित्रावर सराव करून घ्या. येऊरचं जंगल जवळ असल्याने पावसाळ्यात संधी आपणहून चालत, म्हणजे सरपटत येते. रात्री साडेअकराला बी विंगच्या पार्किंगमध्ये स्कूटरखाली काहीतरी हलतं. फोन करा. कळव्याहून बाइकवर, नखशिखांत भिजलेला एक मुलगा येतो. तोवर निम्मी सोसायटी मोबाइल सरसावून उभी असते. तो टॉर्च मारतो, वाकून बघतो आणि म्हणतो, "घोणस आहे, मागे व्हा." सगळ्यांनी एक पाऊल मागे जायचं आणि झूम करायचं. हुकच्या आधाराने साप पिशवीत गेला, पिशवीला गाठ बसली, की सेक्रेटरींनी पुढे होऊन विचारायचं, "मग, किती द्यायचे तुमचे?" आवाज असा लावायचा की समोरून "काही नको, काका" हेच उत्तर यावं. पोरगा धीट निघाला आणि "पेट्रोलपुरते द्या" म्हणाला, तर हसत हसत, "तुम्ही तर छंद म्हणून करता ना हे?" चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी चहाचं विचारावं. विचारावं फक्त. घोणस त्याला चावली असती तर बिलही त्याचंच होतं, कारण छंद त्याचा. पुढे वनखात्याला कळवून साप जंगलात सोडणं हेही त्याच्याच वाट्याला, आणि सकाळी नोकरीवर हजर राहणंही. सापांवर कुठे घर चालतं?

जमलं? मग मोठ्या सुपरहिरोकडे वळा.

सर्वसाधारण सभेत एखादा टॅक्स भरणारा तरुण उठून विचारेलच, "पण परदेशात काय पद्धत आहे?" त्याला सांगा, सुपरमॅन वर्तमानपत्रात बातमीदारी करतो आणि जग वाचवतो ते ड्यूटी सांभाळून. बॅटमॅनला वडिलांची इस्टेट आहे, म्हणून उमेदवाराकडे आधी सातबारा मागावा. 1962 साली आलेला स्पायडरमॅन तर आदर्शच म्हणायचा: भाड्याची चणचण असल्याने तो स्वतःचेच फोटो काढून पेपरला विकतो, आणि तोच पेपर त्याला गुंड ठरवतो. इतकं झाल्यावरही तो दुसऱ्या दिवशी भिंतीवर हजर. आपला शक्तिमानसुद्धा गंगाधर होऊन पेपरची नोकरीच करत होता. थोडक्यात, जगभरच्या सुपरहिरोंना पत्रकारितेने पोसलंय. (पत्रकारांना कोण पोसतं, हा विषय पुढच्या सभेला.)

1972 मध्ये ल्यूक केज नावाचा एकजण निघाला, तो उघडउघड फी घेऊन लोकांना वाचवायचा. असा कुणी गेटवर आला तर वॉचमनला सांगून परस्पर कटवा. चांगल्या माणसांना वाईट सवयी लागतात.

हे तत्त्व मुळापासूनचं आहे, हेही ठासून सांगा. सुपरमॅन ज्यांच्या डोक्यातून निघाला त्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन पोरांकडून कंपनीने 1938 साली त्याचे सगळे हक्क 130 डॉलरला घेतले. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या, दोघे म्हातारे झाले, पेपरांतून आरडाओरड झाली, तेव्हा कुठे 1975 मध्ये वर्षाला 20,000 डॉलरची पेन्शन सुरू झाली. म्हणजे तत्त्व 37 वर्षं टिकलं. आपल्या सोसायटीचा लिफ्टचा करार तरी टिकतो का इतका?

तरी कुणी माणुसकीचा मुद्दा काढलाच, तर ठाण्याच्या दहीहंडीकडे बोट दाखवा. पोरं नऊ थर लावतात, स्टेजवर भाऊ, दादा आणि साहेब बसतात, बॅनरवर हंडीपेक्षा त्यांचेच चेहरे मोठे. पण आपण निष्ठुर नाही. 2022 साली सरकारने जाहीरच केलं: गोविंदाचा मृत्यू झाला तर 10 लाख, गंभीर इजा झाली तर साडेसात लाख. सूत्र लक्षात ठेवा, चढताना काही नाही, पडल्यावर बघू. उडणाऱ्या माणसालाही ते जसंच्या तसं लागू पडतं.

सत्काराला मात्र हात आखडता घेऊ नका. 22 मार्च 2020 ला संध्याकाळी पाच वाजता आपण गॅलरीत उभं राहून ताटं वाजवली होती. माझ्याकडच्या स्टीलच्या ताटाला अजून पोचा आहे. आशा सेविका घरोघर फिरत होत्या. कागदोपत्री त्या स्वयंसेविका, म्हणून पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. त्या मधूनमधून मोर्चा काढतात तेव्हा आपण ट्रॅफिकला शिव्या घालतो. सुपरहिरोलाही गौरव द्या, भरपूर द्या. गडकरी रंगायतन मिळालं तर तिथे, नाहीतर क्लबहाउस आहेच. भाषणात "घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजणारा" असं म्हणायला विसरू नका. श्रोते टाळ्या वाजवतात आणि भाकऱ्यांचं पीठ कुणाचं, हे कुणी विचारत नाही.

एवढं करूनही सुपरहिरो टिकत नसेल, दुबईला गेला असेल किंवा घरी बसून बँकेच्या परीक्षा देत असेल, तर शेवटचा उपाय: एजन्सी नेमा. सेवा फुकट असावी हा नियम एजन्सीला लागू नाही. तिला दरमहा पैसे द्या, वर 18 टक्के जीएसटी द्या, आणि ती त्यातले किती सुपरहिरोला देते हे विचारू नका, वाईट दिसतं. बारा तासांची ड्यूटी, रिलीव्हर नाही आला तर चोवीस. जग वाचवायला जाताना रजिस्टरमध्ये आउट टाइम लिहायचा. आणि पाठीवरच्या त्या लाल कापडाची चिंता तुम्ही करू नका. त्याचे पैसे एजन्सी पहिल्याच पगारातून कापून घेते.