बाण तर नव्हताच!

ज्या गृहस्थांनी माझे धनुष्य मोडण्यात जवळजवळ यश मिळवले, त्यांची मी गेल्या रविवारी चारचौघांत माफी मागितली. ती मागताना माझा चेहरा कसा दिसत होता ते मला ठाऊक नाही; मात्र मैदानाचे व्यवस्थापक "जरा मनापासून म्हणा हो" असे म्हणाले, त्यावरून अंदाज येतो. राग अर्धाच उतरलेला आहे आणि उरलेला उतरावा अशी माझीही फारशी इच्छा नाही.

धनुष्याची ओळख थोडक्यात आटोपतो, कारण ती लांबली की लोक जांभया देतात असा अनुभव आहे. ते रिकर्व्ह आहे. म्हणजे त्याच्या दोन्ही पात्यांची टोके दोरीच्या विरुद्ध दिशेला वळलेली आहेत. लांबी ६० इंच, आणि दोरी २८ इंच ओढली की ताण ४५ पाउंड. मूठ बुबिंगाच्या लालसर लाकडाची आहे. पात्यांच्या पोटात मॅपलच्या पट्ट्या आहेत आणि त्यांच्या दोन्ही अंगांना पारदर्शक फायबरग्लास आहे. या पट्ट्या टोकाकडे जाताना दर इंचाला साधारण इंचाच्या दोन हजारांश भागाने पातळ होत जातात, मग त्या एपॉक्सीने चिकटवून, साच्यात हवेच्या दाबाखाली आवळून, गरम पेटीत ठेवाव्या लागतात. हे सारे करणारा माणूस एकटा होता. त्याचे नाव मी सांगणार नाही, कारण सांगितले तर जाणकार मंडळी उद्याच माझ्या दारात धनुष्य विकत मागायला उभी राहतील. मागणी नोंदवली की तो आधी पंजाचे माप मागवी, मग हाताच्या ओढीचे माप मागवी आणि त्यानंतर कित्येक महिने काहीही बोलत नसे. पुढे एके दिवशी त्याने आपण हा उद्योग थांबवल्याचे कळवले. साचे चालवायला घेणारे कोणी निघाले नाही. त्याच्या हातची दोन धनुष्ये माझ्याकडे आहेत: एक माझ्या मापाचे, आणि दुसरे, ज्याची ही कथा आहे, ते कोणा अनोळखी माणसाच्या मापाचे. त्या माणसाचे नाव कारागिराने पात्यावर लांबी आणि ताण यांच्या शेजारी काळ्या शाईने लिहून ठेवले आहे. हे नाव पुढे कामाला येणार आहे.

बांधणारा थांबला म्हणजे नेमके काय होते, हे धातूच्या मुठीचे स्पर्धेतले रिकर्व्ह वापरणाऱ्यांना लवकर कळत नाही. त्यांच्याकडे मूठ आणि पाती जोडण्याची आयएलएफ नावाची पद्धत बहुतेक उत्पादकांनी स्वीकारली आहे, त्यामुळे एका कंपनीची मूठ आणि दुसऱ्या कंपनीची पाती सुखाने संसार करतात. पाते गेले तर नवी जोडी आणावी, प्रश्न मिटला. माझे धनुष्य एकसंध आहे. त्याचे पाते गेले तर भिंतीवर टांगायला एक सुंदर वस्तू तेवढी उरेल.

दोरीचेही तसेच. हल्लीच्या दोऱ्या ज्या तंतूंच्या असतात ते जवळजवळ ताणतच नाहीत. बाण अधिक वेगाने जातो खरा, पण थांबतानाचा सारा हिसका धनुष्याच्या टोकांना बसतो, आणि खास मजबुती न दिलेली टोके त्याने चिरू शकतात. म्हणून मला थोडी लवचीक, डॅक्रॉनचीच दोरी लागते. ती मागितली की विक्रेता आधी हसतो आणि मग "ही तर नवशिक्यांना देतात" असे सांगतो. अखेर मी दोऱ्या स्वतःच करायला शिकलो. ज्या वस्तूचे लाड पुरवायला जगात कोणी उरलेले नाही, तिच्या मालकाला असे बरेच काही शिकावे लागते. तिला उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये, पात्यावर भार देऊन भिंतीला टेकवू नये, दोरी चढवताना पायात अडकवून वाकवू नये, कारण त्याने पाते पिळवटते. या यादीत "परक्या गृहस्थांच्या टप्प्यात ठेवू नये" हे कलम मात्र कोणीच घातलेले नव्हते.

गृहस्थ पुतण्याला सोडायला आले होते. पुतण्या कंपाउंड, म्हणजे टोकांना चाके असलेले धनुष्य, चालवतो. तो शांत, नम्र आणि बहुधा दुःखी मुलगा आहे. गृहस्थ उंच होते, हात तर त्यांच्या उंचीलाही मागे टाकणारे होते, आणि गळ्यात चष्मा लोंबत होता, जो ते बोलण्यापूर्वी लावीत आणि बोलताना काढीत. माझ्या धनुष्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिले.

"याची चाके कुठे आहेत?"

"याला नसतात."

"काढून टाकली?"

"मुळातच नसतात. चाके कंपाउंडला असतात."

"म्हणजे हे जुने मॉडेल."

येथे मी थांबायला हवे होते असे माझे हितचिंतक म्हणतात. मला ते पटत नाही. चुकीचे विधान ऐकून गप्प राहणे हा काही सद्गुण नव्हे. मी त्यांना सांगितले की चाकांच्या धनुष्याचे पेटंट अमेरिकेतील हॉलेस विल्बर ॲलन यांना १९६९ साली मिळाले, त्याआधी हजारो वर्षे माणसाचे चाकांवाचून काही अडले नव्हते, आणि १९७२ साली म्युनिकला तिरंदाजी ऑलिम्पिकमध्ये परत आली तेव्हापासून तिथे रिकर्व्हच चालत आले आहे.

"मग हे ऑलिम्पिकचे आहे?"

"नाही. हे लाकडी आहे. याला दूरचा नेम धरायचे यंत्रही नाही."

"म्हणजे चाकेही नाहीत आणि यंत्रही नाही." त्यांनी चष्मा काढला. "कंपनी कोणती?"

"कंपनी नाही. एक कारागीर होता."

"वारले?" आवाजात खरी सहानुभूती होती.

"नाही हो. निवृत्त झाले."

"मग फोन करायचा त्यांना."

"कशासाठी?"

"चाके बसवून द्या म्हणावे."

त्यांच्या डोळ्यांत थट्टा शोधली, नव्हती. मग ते खाली वाकले, चष्मा चढवला आणि पात्यावरचे नाव मोठ्याने वाचले. "हे तुम्ही?"

"नाही. ज्यांच्यासाठी हे पहिल्यांदा बांधले, ते."

त्यांनी आजूबाजूला पाहिले, एक पाऊल जवळ आले आणि आवाज खाली आणून विचारले, "त्यांना माहीत आहे का, हे तुमच्याकडे असते ते?"

पुतण्या बुटाच्या नाड्या बांधू लागला. त्या आधीच बांधलेल्या होत्या.

"जरा ओढून बघू?" या त्यांच्या पुढच्या प्रश्नाला मी नको म्हणालो. नम्रपणे म्हणालो, कारणही सांगितले: हे २८ इंचांच्या ओढीसाठी बांधले आहे, तुमचे हात लांब आहेत, पुढच्या प्रत्येक इंचाला दोन-तीन पाउंड ताण वाढतो, आणि पाती त्यासाठी केलेली नाहीत. "गांडीव दुसऱ्याला दे" असे जो म्हणेल त्याचे मस्तक उडवीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा होती आणि ती ऐन युद्धात धर्मराजावरच उलटायची वेळ आली होती. त्या मानाने माझा नकार अगदीच सौम्य होता.

एवढ्यात तीन शिट्ट्या झाल्या. तीन शिट्ट्या म्हणजे मारा संपला, आता सर्वांनी लक्ष्याकडे जाऊन आपापले बाण काढून आणावेत. अशा वेळी धनुष्य बरोबर नेत नाहीत. ते मागे घोडीवर ठेवायचे आणि विश्वासाने जायचे. मी तसेच केले. बाण उपटून वळलो, तर समोर गृहस्थ उभे. माझे धनुष्य त्यांच्या डाव्या हातात होते आणि दोरी उजव्या कानाच्याही मागे गेली होती. चष्मा लावलेला होता.

मी ओरडलो. काय ओरडलो याबद्दल दुमत आहे. माझ्या मते "सोडू नका", व्यवस्थापकांच्या मते आणखीही काही. गृहस्थांनी माझ्याकडे पाहिले, हसले, आणि सोडली.

ज्यांनी तो आवाज ऐकलेला नाही त्यांना तो सांगून कळणार नाही, पण त्यामागचे कारण सांगतो. ओढलेल्या धनुष्यात जी शक्ती साठते तिचा मोठा भाग बाण घेऊन जातो. बाणाचे वजन हेच धनुष्याचे संरक्षण असते, आणि म्हणूनच फार हलके बाणसुद्धा अशा धनुष्यांना वर्ज्य असतात. बाणच नसेल तर ती सारी शक्ती पात्यांतच माघारी येते: थर सुटतात, फायबरग्लास तडकते, टोक उडते. तिरंदाजीच्या पहिल्या दिवशी पहिल्या तासाला हेच शिकवतात. पुतण्यालाही शिकवले असणार, कारण कंपाउंडला तर अशा रिकाम्या सुटीची आणखीच धास्ती असते. तो "काका, रिकामे सोडायचे नसते" एवढे पुटपुटलाही. काकांनी त्याला मोठ्यांच्या बोलण्यात पडू नकोस असे सांगितले.

मी धापा टाकत पोहोचलो तेव्हा गृहस्थ शांत होते. "अहो, एवढे काय! बाण तर नव्हताच!"

या वाक्याचा जमावावर झालेला परिणाम मी विसरणार नाही. बाण लावून खेळले असते तर तो बेजबाबदारपणा. बाण न लावता खेळले, म्हणजे किती ही दक्षता! दोन पालकांनी माना डोलावल्या. एक बाई तर माझ्याकडे अशा नजरेने पाहू लागल्या की बाण घरी ठेवून येणारा हा एकच शहाणा माणूस मैदानावर होता आणि त्याच्यावरही मी डाफरत होतो. मी म्हणालो, धनुष्य मोडले असते. त्यावर गृहस्थ उत्तरले, "रामाने तर मोडलेच होते. त्याला कोणी बोलले?"

बोलले. परशुराम बोलला. आणि तो एवढा का संतापला होता हे मला त्या क्षणी, आयुष्यात पहिल्यांदाच, पुरते उमगले. लहानपणी वाटायचे की मोडलेल्या धनुष्यासाठी असा थयथयाट करणारा हा ऋषी जरा विक्षिप्तच असावा. आता वाटते की त्या भरलेल्या दरबारात, फुले उधळणाऱ्या शेकडो माणसांत, हे दुसरे मिळणार नाही याचा विचार करणारा तो एकटाच होता. शिवाय प्रसंगाचा तांत्रिक तपशील पाहा: तेही धनुष्य बाणाविनाच ओढले होते, आणि ओढताना मध्येच तुटले. हे सारे मी मोठ्याने बोललो की मनातल्या मनात, ते नक्की आठवत नाही. पुतण्या मात्र पहिल्यांदा हसला.

व्यवस्थापक आले. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या, म्हणजे गृहस्थांची एकदा सविस्तर आणि माझी एकदा मध्येच तोडून, आणि निकाल दिला की मी ओरडलो म्हणून त्यांचा हात सुटला. मी विचारले, मग मी काय करायला हवे होते? जवळ जाऊन शांतपणे सांगायला हवे होते, असे उत्तर मिळाले. लक्ष्यापासून! धोका दिसताच मोठ्याने ओरडून थांबवणे हे तिरंदाजीत कोणाचेही कर्तव्य मानतात. स्पर्धांत तर त्यासाठी किमान पाच शिट्ट्या फुंकतात. पाच शिट्ट्या होईपर्यंत कानामागची दोरी गृहस्थांनी धरून ठेवली असती का, हा माझा प्रश्न अनुत्तरित राहिला. मुलांसमोर वाद नको, असे ठरले. मग ती माफी झाली. ती त्यांनी मोठ्या मनाने स्वीकारली.

घरी येऊन मी कापसाचा बोळा दोन्ही पात्यांवरून फिरवला, कारण तडकलेल्या फायबरग्लासच्या सूक्ष्म कुसांत कापूस अडकतो. अडकला नाही. नंतर विजेरी आडवी धरून पाहिले. जुन्या पात्यांच्या फायबरग्लासमध्ये लांबीच्या दिशेने केसासारख्या रेषा पडतात, त्या बहुधा निरुपद्रवी असतात; आडव्या रेषा मात्र वाईट, त्या दिसल्या की धनुष्य खाली ठेवायचे. खालच्या पात्यावर, टोकाच्या अलीकडे, मला एक रेषा दिसली. ती तिरकी आहे.

तिरक्या रेषेचे काय करायचे ते ज्याला नक्की सांगता आले असते, त्याने कारखाना बंद केला आहे. ती आधीपासून होती का, हेही मला सांगता येत नाही, कारण कोणी आपल्या धनुष्याचे पाते रोज विजेरीने तपासत नाही. या वस्तूंच्या मालकीतला खरा वैताग हाच आहे. चूक करणारा "नवे घ्या की" म्हणून मोकळा होतो. नवे घेता येत नाही हे त्याला सांगितले, तर तो आपल्याकडेच दयेने पाहतो, जणू आपण मुद्दाम अडचणीची वस्तू बाळगून लोकांची सुटी खराब करतो. ज्या वस्तूच्या मागे दुकान नाही, हमीपत्र नाही, तक्रारीचा क्रमांक नाही, ती लोकांच्या लेखी कोणाचीच नसते, म्हणून ती कोणीही उचलावी.

परवा मैदानावर गेलो तो गृहस्थ पुन्हा तिथेच. त्यांनी लांबूनच हात केला आणि धनुष्य ठीक आहे ना अशी चौकशी केली. बहुधा ठीक आहे, असे मी म्हणालो. "बघा! म्हणजे मजबूत आहे," ते समाधानाने म्हणाले. "मी ओढले नसते तर तुम्हाला कळले असते का?" व्यवस्थापक शेजारीच शिडीवर उभे राहून फलकावर नवी सूचना चिकटवत होते. दुसऱ्याच्या साहित्याला हात लावू नये, अशी सूचना लावण्याची विनंती मी त्यांना लेखी दिली होती, त्यामुळे मी मोठ्या आशेने वर पाहिले. सूचना टळटळीत लाल अक्षरांत होती: "मैदानावर आरडाओरडा करण्यास सक्त मनाई आहे." तिचा एक कोपरा सारखा सुटत होता, आणि तो दाबून धरायला गृहस्थांचे लांब हात फार उपयोगी पडले.