एन्टरप्राइझ-सी पळालं नव्हतं

स्टार ट्रेक या अंतराळकथांच्या चाहत्यांमध्ये एक मत वरचेवर फिरतं. एन्टरप्राइझ-सी हे अंतराळजहाज रोम्युलन या शत्रूंसमोर टिकलं नाही, भर लढाईतून निसटून २२ वर्षं पुढे आलं, पुढच्या काळातल्या एन्टरप्राइझ-डीचा कॅप्टन पिकार्ड याने गळ घातली म्हणून परत गेलं आणि सगळ्या माणसांसकट फुकट गेलं. क्लिंगॉन या लढवय्या परग्रहवासीयांशी शांतता तर २२९३च्या किटोमर करारानेच आली होती, मग या जहाजाचं एवढं कौतुक कशाला? ‘द नेक्स्ट जनरेशन’ या स्टार ट्रेक मालिकेतला, १९९० साली दाखवलेला ‘यस्टरडेज एन्टरप्राइझ’ हा भाग नीट पाहिला, तर या मताला आधार सापडत नाही.

आधी पळण्याचा आरोप. २३४४ मध्ये नरेंद्रा-३ वरच्या क्लिंगॉन ठाण्यावर रोम्युलनांनी हल्ला केला. मदतीची हाक ऐकून कॅप्टन रेचेल गॅरेट आपलं जहाज घेऊन तिथे गेली. समोर चार वॉरबर्ड, म्हणजे रोम्युलन युद्धनौका, होत्या. तरीही ती भिडली. टॉर्पेडोंच्या माऱ्यात काळाला भेग पडली आणि जहाज त्यातून २३६६ मध्ये फेकलं गेलं. यात कोणाचा बेत नव्हता, कोणी सुकाणू फिरवलं नव्हतं. पिकार्डने गळ घातली हेही अर्धंच सांगणं झालं. परत जायला बरेच जण आपणहून तयार आहेत, असं गॅरेटच त्याला सांगते. काहींना मागे राहिलेल्या जिवलगांशिवाय जगायचं नसतं, तर काहींना लढाई अर्धवट टाकून निघून आल्याचीच टोचणी लागलेली असते. अशा माणसांना पळपुटे म्हणवतं तरी कसं?

किटोमरचा मुद्दा जास्त गंभीर आहे, कारण तो अर्धा खरा आहे. करार झाला होता, पण करार म्हणजे कायमचं सख्य नव्हे. एन्टरप्राइझ-सी निघालं तेव्हा क्लिंगॉनांशी शांततेच्या वाटाघाटी चालू होत्या, हे त्याच जहाजावरच्या कॅस्टियो या अधिकाऱ्याच्या तोंडून कळतं. म्हणजे २३४४ मध्येही प्रश्न मिटलेला नव्हता. ते जहाज लढाईतून नाहीसं झाल्यावर काय होतं, हे तर कथा उघडच दाखवते. २०हून अधिक वर्षं चाललेलं युद्ध, ४० अब्ज मृत्यू आणि सहा महिन्यांत शरणागती पत्करावी लागेल अशी फेडरेशनची, म्हणजे एन्टरप्राइझ ज्याचं आहे त्या ग्रहसंघाची, अवस्था. किटोमरचा कागद तिथेही होताच की! त्याने युद्ध थांबलं नाही.

‘हरणारच होतं, तर उपयोग काय?’ हा प्रश्न पिकार्डच्या हाताखालचा अधिकारी रायकर यानेही विचारलेला आहे. एका जहाजाच्या मरणाने काहीच साधणार नाही, असं त्याला वाटतं. डेटा हा यंत्रमानव अधिकारी त्याला तिथेच अडवतो: क्लिंगॉन ठाण्याच्या रक्षणाला फेडरेशनचं जहाज धावून आलं, तर क्लिंगॉन साम्राज्य ते मोठ्या सन्मानाचं कृत्य मानेल. माझ्या मते सगळं प्रकरण या एका उत्तरावर उभं आहे. किती वॉरबर्ड पाडल्या याचा हिशोब क्लिंगॉन करणार नव्हते. जुन्या वैऱ्याची माणसं आपल्या लोकांसाठी मरायला उभी राहिली, हे ते पाहणार होते. वाटाघाटींच्या टेबलावर बसलेल्या राजदूतांना असा पुरावा कुठून आणता आला असता?

परत जाण्याआधीच गॅरेट क्लिंगॉन हल्ल्यात मारली जाते आणि सूत्रं कॅस्टियोकडे येतात. तरी जहाज भेगेकडे वळतं. त्याला वाट मिळावी म्हणून पिकार्डचं एन्टरप्राइझ-डी तीन क्लिंगॉन युद्धनौकांशी झुंजत राहतं. त्यात रायकर पडतो. शेवटी स्वतः पिकार्ड तोफेवर बसतो. एन्टरप्राइझ-सी परत गेलं की युद्धाचा हा इतिहासच घडणार नव्हता; म्हणजे आपलं अख्खं जग पुसलं जावं म्हणून ही माणसं लढत होती, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

‘सगळे मेले’ हे तर सरळ चुकीचं आहे. पिकार्डच्या जहाजावरची अधिकारी ताशा यार परतीच्या प्रवासात एन्टरप्राइझ-सीवर होती. पुढे ‘रिडेम्प्शन’च्या दुसऱ्या भागात तिची मुलगी सेला पिकार्डला सगळं सांगते. लढाईतून वाचलेले काही जण रोम्युलनांच्या हाती लागले. चौकशीनंतर त्यांना मारायचं ठरलं होतं. पण एका सेनापतीचं मन ताशावर गेलं आणि त्याच्यासोबत राहण्याच्या बदल्यात तिने सोबत्यांचे जीव मागून घेतले. चार वर्षांच्या मुलीला घेऊन पळण्याच्या प्रयत्नात ती पकडली गेली आणि तिला मृत्युदंड मिळाला. एन्टरप्राइझ-सीची गोष्ट सांगताना नरेंद्रा-३ वर थांबणारे लोक या कैद्यांना आणि ताशाच्या त्या सौद्याला वगळूनच ‘फुकट गेलं’ असं म्हणू शकतात.